दुसरी रेघ कुठी हाय?

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या नसीम मॅडम एकाच पुराव्यावर कशावरही विश्वास ठेवत नसत. "आज प्रॅक्टिकल नाही म्हणे," असं कुणी म्हटलं, की लगेच विचारत, "दुसरी रेघ कुठी हाय?"

ही सवय त्यांना आकाशगंगांनी लावली होती. अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीनं टिपलेले अतिदूरच्या आकाशगंगांचे वर्णपट कुणालाही इंटरनेटवरून घेता येतात. मॅडम ते प्रयोगशाळेतल्या रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवर उघडत. वर्णपटातल्या रेघा लाल टोकाकडे किती सरकल्या, त्यावरून प्रकाश किती जुना ते कळतं. पण एकाच रेघेवर भिस्त ठेवली, तर जवळची आकाशगंगाही विश्वाच्या बालपणातली वाटू शकते. म्हणून ऑक्सिजनची एक रेघ दिसली, की शेजारी तिची जोडीदारीण हवीच. "एक रेघ म्हणजे अफवा," त्या म्हणत. "जोडी भेटली, तं मंग बोला."

मी तेल्हाऱ्याची, घरी कापूस. शेवटच्या वर्षी मी अशाच एका आकाशगंगेवर प्रकल्प केला. रेघांची जोडी सापडली तेव्हा मॅडमनी शाबासकी दिली नाही. हायड्रोजनची तिसरी रेघ शोधायला बसवलं.

अमरावतीच्या स्पर्धेला कॉलेजातून एकच प्रकल्प जायचा होता. तो माझाच जावा, म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. निवड समितीतल्या सरांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "बेटा, तू शेतकऱ्याची मुलगी. गावागावांत माणसं जीव देताहेत. कापसावर काही कर. आकाशगंगा काय कामाच्या?"

मला रडू आलं. मॅडमचा मात्र भडका उडाला.

"तेल्हारा अन् कापूस, एवढ्यावर मोजून टाकली पोरगी? तुमचा पोरगा पुण्यात शिकते, त्याले कापसाचं इचारलं कधी? गावात मरण हाय, म्हणून हिनं वर पाहाचंच नाही काय?"

सर नमले नाहीत, त्यांनी तोडगा काढला. शीर्षकात 'शेतीस उपयुक्त' एवढं घाला, पाठवून देतो. मी पेन उघडलंही होतं. मॅडमनी कागद ओढून घेतला.

"खोटं लिहून जाचं असन, तं माह्याकडून जाऊ नको."

प्रकल्प गेला नाही. त्याऐवजी ठिबक सिंचनाचं एक मॉडेल गेलं. त्या मॉडेलवर माझा राग नाही. जन्मगाव वाचून माझी हुशारी कुठवर जाऊ द्यायची ते ठरवणाऱ्यांवर आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. मी आता अमरावतीला एम.एस्सी. करते; तिथून शोकसभेसाठी अकोल्याला आले. तेच सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मॅडमनी गरीब शेतकऱ्यांच्या मुलींसाठी आयुष्य वेचलं." सगळ्यांच्या माना हलल्या.

मला बसवेना. मी उभी राहिले.

"सर, मॅडमनं मले गरीब म्हणून नाही शिकवलं. फिजिक्स येत होतं म्हणून शिकवलं."