आजची चूक

भूम गावाच्या अलीकडं माळावर एक खाजगी दूध डेअरी होती. तिथल्या लॅबमध्ये मी सात वर्षं दूध तपासलं. धाराशिवला बी.एस्सी. केलं, लग्न होऊन या भागात आले, आणि शिकलेलं वाया जाणार अशी खूणगाठ बांधून बसले असताना ही नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी पांढरा कोट अंगात घातला तेव्हा मला काय वाटलं होतं ते आठवलं, की आजही राग येतो. एवढ्या आनंदानं गेलेल्या बाईचं त्या जागेनं काय करून टाकलं!

सुरुवातीची दोन वर्षं चांगली गेली. लॅबचे प्रमुख एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात दुधातला फॅट मोजायच्या, गरगर फिरणाऱ्या यंत्रात माझ्या हातून तीन काचेच्या नळ्या फुटल्या. मी रडायच्या बेतात आलेली. चाचा काचा गोळा करत म्हणाले, "नळ्या समोरासमोर लावायच्या असत्यात. तू सगळ्या एका अंगाला लावल्यास, म्हणून यंत्र थरथरलं. आता परत लाव, मी बघतो." मी लावल्या. मग ते एवढंच म्हणाले, "चुकलं की पाच मिनटात मला सांगायचं. पाच मिनटात समदं दुरुस्त होतंय, उद्या न्हाय होत." त्या दोन वर्षांत मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजच्या तीन वर्षांत शिकले नव्हते. दुपारी डबा खाताना मी त्यांना शंका विचारायची. कधी उत्तर ठाऊक नसलं तर ते सरळ म्हणायचे, "मला न्हाय माहीत, दोघं मिळून बघू."

चाचा निवृत्त झाले आणि बाहेरून नवा मॅनेजर आला. पहिल्या मीटिंगमध्येच त्यानं सांगितलं, "मला कारणं ऐकायची सवय नाही." दुसऱ्या दिवशी गेटजवळ एक पांढरा बोर्ड लागला. वर लाल अक्षरात 'आजची चूक'. खाली चुकणाऱ्याचं नाव आणि त्यानं काय केलं ते. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसायचाच. कॅन घेऊन येणारे शेतकरी, टँकरचे ड्रायव्हर, सगळे वाचायचे.

महिन्याभरात माझं नाव लागलं. रजिस्टरवर एक सही राहिली होती, एवढाच गुन्हा. माझ्या सासरच्या गावचा एक जण कॅन उतरवताना मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, आज तुमचा नंबर का?" आजूबाजूचे हसले. तो गावाकडं परत पोचायच्या आत बातमी माझ्या घरी पोचली होती. त्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

त्यानंतर आम्ही सगळेच बदललो. शंका विचारणं बंद झालं, कारण शंका म्हणजे अज्ञान, आणि अज्ञान म्हणजे बोर्ड. दूध तपासायचं नवं यंत्र आलं होतं, एका मिनिटात सगळे आकडे देणारं. मी शिकवा म्हणाले. मॅनेजर चारचौघांत म्हणाला, "तुम्हाला नळ्याच बऱ्या. त्याही धड धुता येत नाहीत." यंत्राचं पुस्तक त्याच्या कपाटात कुलपात राहिलं. तेहेतिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. लेकीची पाटी पडली तरी मी तिच्यावर त्याच्याच आवाजात ओरडायची. होय, त्याच्याच. मला ऐकू यायचं.

आणि एक गोष्ट मला कबूल केलीच पाहिजे. एका सकाळी मी एक कॅन पास केला. दूध टाकीत ओतून झालं आणि मग माझ्या ध्यानात आलं, की उकळून बघितलेल्या त्या नमुन्यात बारीक दाणे धरलेत. म्हणजे दूध आंबट होतं. लगेच सांगितलं असतं तर ती टाकी वेगळी काढता आली असती. चाचा असते तर मी धावत गेले असते. मी नळी धुऊन टाकली आणि गप्प बसले. दुपारपर्यंत सगळी टाकी नासली. बोर्डावर तीन नावं लागली, त्यातलं एकही माझं नव्हतं. त्या तिघांच्या तोंडाकडं बघायची हिंमत मला आजही होत नाही.

लॅबमध्ये माझ्याबरोबर तेरखेड्याकडची एक मुलगी काम करायची, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, लग्न झालेली. हाताला इतकी नेटकी, की तिच्या नळीतला फॅट मी पुन्हा तपासायची नाही. एका आठवड्यात तिचं नाव दोनदा लागलं. एकदा तर पाच मिनिटं उशीर झाला म्हणून.

त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही डबे उघडले आणि ती डाव्या हातानं भाकरी मोडायला लागली. उजवा हात ओढणीखाली.

"हाताला काय झालं ग?"

"काय न्हाय ताई. जरासं लागलंय."

मी ओढणी बाजूला केली. तळव्यापासून मनगटापर्यंत कातडी पांढरी-तपकिरी पडून सोलली होती. ॲसिड. फॅट काढायला नळीत दुधाबरोबर ते घालावं लागतं; सकाळी नळ्या भरताना त्याची बाटली निसटली होती. तिनं नळाखाली दोन मिनिटं हात धरला, फरशी पुसली आणि चार तास त्याच हातानं काम केलं. ॲसिड पडलं की भरपूर वेळ वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, हे तिनंच नव्या पोरींना शिकवलं होतं.

"सांगितलं का न्हाईस?"

"तिसऱ्यांदा नाव लागलं असतं." मग ती रडायला लागली. "आमच्या गावात फटाक्यांचे कारखाने हायेत, तिथं दारूनं कुणी भाजलं तर अख्खा गाव पळत येतो हो ताई. हितं मीच फरशी पुसत बसले."

मी तिला घेऊन केबिनमध्ये गेले. डेअरीची जीप मागितली. मॅनेजरनं तिचा हात बघितला आणि विचारलं, "ॲसिड किती सांडलं?"

हाताचं नाही, ॲसिडचं विचारलं त्यानं.

माझ्या तोंडून काय काय निघालं ते सगळं आठवत नाही. "तुमच्यापायी माणसं जखमा लपवाय लागलीत," हे एवढं नक्की म्हणाले. तो म्हणाला, "आवाज खाली. उद्या तुमचंही नाव लागेल." मी बाहेर आले, गेटवर गेले आणि तो बोर्ड हातानं पुसून काढला. ड्रायव्हर बघत होते, शेतकरी बघत होते. कुणी हसलं नाही. मग खिळ्यावरनं काढून जमिनीवर पालथा टाकला. जीप मिळाली नाहीच. एका शेतकऱ्यानं कॅन खाली उतरवून आपल्या टेंपोतून आम्हाला दवाखान्यात नेलं.

आठ दिवसांत मला लॅबमधून काढून लांबच्या एका दूध संकलन केंद्रावर टाकलं. माझं सामान आवरताना ऑफिसमधल्या बाईंनी हळूच सांगितलं, "तुझ्या नावानं दोनदा ट्रेनिंगची पत्रं आली होती. नव्या यंत्राची. दोन्ही वेळा त्यानं कळवलं, इच्छुक कर्मचारी नाही." इच्छुक नाही! मी, जी त्या यंत्राच्या काचेवरची धूळ पुसता पुसता बटणांवरची अक्षरं पाठ करायची!

मी राजीनामा दिला. ती मुलगीही परत आली नाही. तिची दोन बोटं आता पुरती मिटत नाहीत. बोर्ड पुन्हा लागला, आणि मॅनेजरला वरची जागा मिळाली, मोठ्या प्लँटवर. त्याच्या निरोप समारंभात त्याच्या शिस्तीचं कौतुक झालं म्हणे.

पुढं दुसरीकडं काम मिळालं आणि अडतिसाव्या वर्षी मी ते ट्रेनिंग केलं. वर्गात सगळी बावीस-तेवीसची पोरं. दहाव्या दिवशी शिकवणारे सर म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे. आधी का नाही आलात?" मला हसून काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हणाले, "येऊ दिलं नाही." सर पुढच्या पानाकडं वळले.

लोक सांगतात, झालं गेलं विसरा, आता तर बरं चाललंय. बरं चाललंय, खरं आहे. आता माझ्या हाताखाली चार जणी आहेत, त्या चुकल्या तर येऊन सांगतात, आणि मी ऐकते. पण माझी पाच वर्षं कुणी परत देणार नाही, तिची बोटंही नाही. मी विसरणार नाही. मला विसरायचंच नाही.