आपल्या हाताने घास

भूक हा एक गुण आहे, असे सहसा कोणी म्हणत नाही. आपण तिला दैन्याची सखी समजतो आणि ती शमली की धन्यता मानतो. परंतु एक भूक अशीही असते, जी भरल्या घरात प्रत्येक प्रातःकाळी नव्याने जागी होते आणि कालच्या तृप्तीवर आजचा दिवस काढण्यास नकार देते. अरण्यातून चाललेल्या लोकांसाठी आकाशातून मान्ना उतरत असे, अशी ख्रिस्ती शास्त्रातली कथा आहे. ते अन्न ज्याचे त्याने रोज वेचायचे. उद्यासाठी राखून ठेवले की नासायचे. ही कथा पुष्कळांनी ऐकली आणि पुष्कळ विसरले. नाचणगावच्या धुरपताबाईंनी ती आयुष्यभर पाळली.

धुरपताबाई आपल्या पाऊण एकरात भाजीपाला पिकवीत आणि पुलगावच्या बाजारात नेऊन विकीत. त्यांचे घराणे दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पती ताराचंद सुतारकाम करीत. पुलगावच्या कौलारू उपासनामंदिरातले बाक त्यांच्याच हातचे. बाईंना अक्षरओळख नव्हती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवऱ्यापाशी एकच मागणी केली होती: सकाळी तव्यावर पहिली भाकर पडण्याआधी शास्त्रातला एक उतारा वाचून दाखवायचा. ताराचंदांनी तो शब्द एकेचाळीस वर्षे पाळला. ऐकलेल्यातले एखादे वाक्य बाई उचलीत आणि दिवसभर मनाशी घोळवीत. मेथी खुडताना तेच, कोथिंबिरीच्या, त्यांच्या बोलीत सांबाराच्या, जुड्या बांधताना तेच. सायंकाळपर्यंत त्या वाक्याचा सारा रस त्यांच्यात उतरलेला असे.

ताराचंद गेल्यावर हे काम नात आकांक्षाकडे आले. बाईंचा मुलगा अंकुश देवळीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पहिल्या पाळीला असल्याने झुंजुमुंजू होण्यापूर्वीच निघे आणि सून जया गोठ्यात गुंतलेली असे. आकांक्षा आठ वर्षांची असल्यापासून आजीजवळ बसून वाचू लागली, ती थेट बारावी होईपर्यंत. मग परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठी तिला वर्ध्याला प्रवेश मिळाला. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी वसतिगृहात हजर व्हायचे होते. घरात आनंदीआनंद झाला आणि त्या आनंदातच धुरपताबाईंना एक प्रश्न पडला. सोमवारपासून सकाळी वाचणार कोण?

आकांक्षाने तोडगा काढला: सगळे शास्त्र ध्वनिमुद्रित मिळते, ते मोबाइलमध्ये भरून देते, बटण दाबले की झाले. बाईंनी तो मोबाइल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि नातीच्या मांडीवर परत ठेवला.

"आतापावेतो मले दुसऱ्यानंच घास भरवला, बाप्पा. आधी तुह्या आज्यानं, मंग तू," त्या म्हणाल्या. "आता आपल्या हातानं जेवू दे मले. तू मले वाचाले शिकव."

तेव्हा ऑगस्टचा मध्य होता आणि बाईंचे वय अडुसष्ट.

त्यानंतरचे दिवस धुरपताबाईंनी जणू हवेत काढले. अक्षरे त्यांना झपाट्याने आली. जन्मभर रोपांच्या पानांवरून वाण ओळखणाऱ्या डोळ्यांना अक्षरांची वळणे परकी वाटली नाहीत. 'क' हा त्यांना दोन्ही कडेवर पोरे घेतलेल्या बाईसारखा दिसे, तर 'ळ' हा कारल्याच्या वेलाचा आकडा. आणि मग एका सकाळी बाजाराच्या वाटेवर सारे जगच त्यांच्याशी बोलू लागले. एसटीच्या कपाळावर 'देवळी' लिहिलेले होते. खताच्या पोत्यावर, विजेच्या खांबावर, रसवंतीच्या पाटीवर शब्द होते आणि ते आजवर मुकाट उभे होते. शेजारी बसणाऱ्या कमलाबाई वांग्यांचा ढीग लावीत होत्या. धुरपताबाई त्यांना ओढून ओढून दाखवू लागल्या, तशा कमलाबाई म्हणाल्या, "तुले शिंगं फुटले काय व माय? गिऱ्हाईक उभं हाय अन् तू खांब वाचून राह्यली!" पण दुसऱ्या दिवसापासून त्याही, आज काय वाचलं, असे आधी विचारू लागल्या.

सप्टेंबर लागेपर्यंत बाई शास्त्र उघडून, ओळीवर बोट ठेवून, घडाघडा वाचू लागल्या होत्या. आकांक्षाला अभिमानाने काय करू नि काय नको असे झाले. उपासनेला जमणारी पुलगावची मंडळी लहान, अवघी चाळीस माणसांची. तिचे धर्मोपदेशक, पाळक योगेंद्र, वर्ध्याहून महिन्याच्या पहिल्या रविवारी येत आणि त्याच दिवशी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर नि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, होई. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उपासनेतला शास्त्रपाठ आजीने वाचावा, अशी विनंती आकांक्षाने केली आणि पाळकांनी ती हर्षाने मान्य केली. मंडळीतले ज्येष्ठ रूपराव गुरुजी मात्र मिशीत हसले. ते निवृत्त शिक्षक. एरवी शास्त्रपाठ तेच वाचीत. बाईंना सगळेच पाठ आहे, पुस्तक हाती धरले काय नि न धरले काय, असे ते म्हणाले. बोलण्यात आकस नव्हता. धुरपताबाईही हसल्या.

चार दिवसांनी गुरुजींचे बोलणे खरे ठरले. सकाळी वाचताना बाईंच्या ओल्या बोटाला दोन पाने चिकटली आणि एकदमच उलटली. त्यांना ते कळले नाही. बोट नव्या पानावरच्या ओळींतून चालत राहिले आणि मुखातून मात्र आधीच्या पानावरची कथा अस्खलित वाहत राहिली: पाच भाकरी, दोन मासे, गवतावर बसलेली पाच हजार माणसे. आकांक्षा वाकून पाहते तो बोटाखाली भलतेच काही.

"आजी, थांब," ती हळूच म्हणाली. "बोट एकीकडं अन् तोंड दुसरीकडं. तू वाचून राह्यली का आठवून राह्यली?"

धुरपताबाई पानाकडे पाहत राहिल्या. चोरी पकडली जावी तशा नव्हे. आपल्याच घरात वाट चुकावी तशा. एकेचाळीस नि दहा वर्षांच्या श्रवणाने सारे शास्त्र त्यांच्या अंतःकरणात जाऊन बसले होते. दोन शब्द डोळ्यांनी टिपले की उरलेली ओळ स्मृती पुढे सरकवीत असे. पाट्या वाचता येत होत्या हे खरे. पण शास्त्र वाचता येते की नाही, हे त्यांचे त्यांनाच सांगता येईना. आणि सोमवार तीन आठवड्यांवर आला होता. स्मृतीत साठवलेलेच खायचे तर तो कालचा मान्ना झाला, नासणारच.

त्या दिवशी बाजारात त्यांनी एकही पाटी वाचली नाही. परंतु परतताना त्यांना एकाएकी ताराचंद आठवले आणि त्या भर रस्त्यात टाळी वाजवून थांबल्या. ताराचंद भक्तिमान होते, तसेच घाईचेही होते. वंशावळी आल्या, अमक्याला तमका झाला अशी नावांची रांग लागली, की ते पान उलटीत. नुसती नावेच आहेत, पुढे चल, म्हणत. आजोबांचा कित्ता नातीनेही गिरवला होता. म्हणजे शास्त्रात अशी पाने होती, जी धुरपताबाईंनी कधी ऐकलीच नव्हती.

घरी पोहोचताच त्यांनी आकांक्षाला ती पाने काढायला लावली. पहिल्या सकाळी दोन नावे झाली, दुसऱ्या सकाळी तीन. स्मृतीची काठी नाही, प्रत्येक अक्षरावर पाय टेकवूनच पुढे सरकायचे. जीभ अडखळे, जोडाक्षराशी दम लागे, आणि नाव पुरे झाले की बाई असा निःश्वास टाकीत, जणू विहिरीतून भरली घागर वर आली. सापडलेले नाव त्या बाजारात नेत. "आज कोणता पाव्हना आला व?" कमलाबाई विचारीत. "जरुब्बाबेल," धुरपताबाई सांगत. आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत. मात्र पाळकांना त्यांनी निरोप धाडला होता: मला पाठ असलेले काही वाचायला देऊ नका, नावांचे कोणतेही पान द्या, पण कोणते ते आधी कळवू नका.

शनिवार उजाडला. प्रभुभोजनाची भाकर करण्याचा मान चौतीस वर्षे धुरपताबाईंचा होता. त्यासाठीचे गहू त्या नेहमी आदल्या दिवशी दाणा दाणा निवडीत आणि निवडताना शास्त्रवचनांखेरीज काही बोलत नसत. या शनिवारी मात्र त्या वचनेही बोलल्या नाहीत. सूपभर गव्हावर त्यांची बोटे एकेक दाणा अलग करीत फिरत होती, आणि उद्या आपल्याला हेच करायचे आहे, या कल्पनेने त्यांना हसू फुटत होते.

रविवारी मेजावर पांढऱ्या वस्त्राखाली ती बिनमिठाची भाकर ठेवलेली होती, शेजारी द्राक्षरसाचा प्याला. योगेंद्रांनी शुभवर्तमानाच्या आरंभीची, घरच्या सरावात न आलेली ख्रिस्ताची वंशावळ उघडून पुस्तक बाईंसमोर ठेवले. मंडळीत चुळबुळ झाली. ही यादी उपासनेत कोणी वाचलेली कुणाला आठवत नव्हती. पहिल्या बाकावर आकांक्षाने ओढणीचे टोक मुठीत गच्च धरले.

आरंभीची दोनतीन नावे तर ओळखीची होती, पण बाईंनी तीही पळू दिली नाहीत. मग अनोळखी प्रदेश लागला. पेरेस. हेस्रोन. अम्मीनादाब या नावाशी त्या दोनदा अडल्या, मागे आल्या आणि तिसऱ्यांदा पार झाल्या. बोट पुढे, डोळे त्यामागे, आणि आवाज सर्वांच्या शेवटी. मग बवाज हे नाव आले आणि त्या थबकल्या.

गुरुजी सांगण्यासाठी पुढे झुकले. त्यांना वाटले, बाई अडल्या. बाई अडल्या नव्हत्या. बवाजाला त्या ओळखत होत्या: ज्याच्या शेतात परमुलखातून आलेली एक विधवा कापणी करणाऱ्यांच्या मागे सांडलेली कणसे वेचीत होती, तोच तो शेतधनी, ज्याने पुढे तिच्याशी लग्न केले. पुढे कोणाचे नाव असावे ते स्मृतीने केव्हाच जिभेवर आणून ठेवले होते. पण बोट अजून तिथे पोहोचले नव्हते आणि पोहोचल्याखेरीज बोलायचे नाही, असा त्यांचा पण होता. दातांखाली ओठ धरून त्यांनी बोट सरकवले. 'र'. त्याला दीर्घ उकार. मग 'थ'.

"रूथ," त्या म्हणाल्या. मग मंडळीकडे न पाहता, त्या अक्षरांकडेच पाहत, "अवं माय, तू इथं हायेस!"

कोणी हसले नाही. प्रभूच्या पूर्वजांच्या रांगेत कणसे वेचणारी बाई उभी आहे, हे कोणी सांगितल्यावाचून धुरपताबाईंना आपल्या डोळ्यांनी सापडले होते. उरलेली नावे त्यांनी तशाच संथपणे, एकही न गाळता वाचली. मग पुस्तक मिटले, भाकर मोडली गेली, आणि त्यांनी आपल्याच हातची ती भाकर ओंजळीत घेतली. बाहेर पडताना गुरुजी त्यांच्यापाशी आले. "बाई, शिकवण्यात जन्म गेला माझा," ते म्हणाले, "पण ते पान मीसुद्धा उलटतच आलो."

सोमवारी पहिल्या एसटीने आकांक्षा वर्ध्याला गेली. आजीच्या पाया पडताना तिने पाहिले, चुलीजवळ शास्त्र उघडे होते आणि तवा अजून चढलेला नव्हता. त्या सकाळी बाईंचे एकच वाक्य वाचून झाले आणि भाकरीला उशीर झाला. पुढची तीन वर्षे त्यांनी एकही सकाळ उपाशी जाऊ दिली नाही. गेल्या वर्षी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, अल्पशा आजाराने, त्या निवर्तल्या.

त्यांचे शास्त्र नाचणगावच्या घरी आहे. त्यात खुणेसाठी ठेवलेल्या मेथीच्या काड्या आहेत. शनिवारचे गहू आता जया निवडते. पुलगावच्या त्या उपासनामंदिरात आता नावांची पाने वगळत नाहीत.