रिमलेस चष्म्याचा इलाज

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, चष्म्याच्या एका दुकानात मी बावीस वर्षं काचा बसवतो आहे. गिऱ्हाइकं मला डॉक्टर म्हणतात. पहिल्या वर्षी मी त्यांची चूक दुरुस्त करायचो, दुसऱ्या वर्षी नुसता हसायचो, आणि तिसऱ्यापासून "डॉक्टर" अशी हाक आली की मान आपोआप वळायला लागली. माझं शिक्षण बारावी कॉमर्स, तेही दुसऱ्या खेपेला. शेठनी नंबर काढायचं मशीन आणलं तेव्हा ते विकणाऱ्या माणसाने चहा संपेपर्यंत मला ते शिकवलं. तेवढंच माझं मेडिकल कॉलेज.

मशीनला फक्त नंबर काढता येतो, म्हणून मलाही सगळ्या दुखण्यांवर नंबरच सुचायचा. डोकं दुखतंय, नंबर वाढलाय. पाणी येतंय, नंबर आणि वर कोटिंग. दिव्याभोवती कडं दिसतंय, महागडं कोटिंग. एका गृहस्थाला दोन दिवसांपासून एका बसच्या दोन बस दिसत होत्या. त्याला मी नवी काच दिली. तो परत आला नाही, आणि परत न येणं म्हणजे बरं होणं, अशी आमच्या दुकानाची समजूत होती.

माझा थोरला भाऊ बदलापूरच्या पुढे, आमच्या गावी राहतो. बरीचशी जमीन बिल्डिंगांखाली गेली, उरलेल्या तुकड्यात तो भाजी लावतो. लहानपणापासून त्याला जाड भिंगांचा चष्मा, मायनस नऊ. एवढा मायनस नंबर असला की डोळ्यातला पडदा ताणून पातळ झालेला असतो, हे मला माहीत नव्हतं. त्याचे चष्मे मात्र बावीस वर्षं मीच करत आलो. घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं, असं तो गावात अभिमानाने सांगायचा.

एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला. उजव्या डोळ्यापुढे एकदम काळे ठिपके आलेत, चुलीत फुंकर मारल्यावर राख उडावी तसे. डोळा फिरवला की कोपऱ्यात वीज चमकते. दुखतंय का, मी विचारलं. नाही म्हणाला.

"मग झालं तर," मी म्हणालो. वयाने असं होतंच, असंही सांगितलं. एखाददुसरा ठिपका वयाने खरंच दिसतो. म्हणजे मी अर्धं खरं बोललो, आणि अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज फार ठाम असतो. गुरुवारी दुकानात ये, त्या दिवशी गर्दी कमी असते, म्हणालो.

गुरुवारी तो आला. मी त्याला मशीनपुढे बसवलं, थोडा नंबर वाढवला. वीज आता कमी चमकते, तो म्हणाला. मला माझ्या फोनवरच्या सल्ल्याचा गुण आल्यासारखं वाटलं. मग त्याने नाकाच्या बाजूला, खाली बोट दाखवलं.

"इथून काला पडदा वर येतोय रं."

मी त्याचा चष्मा हातात घेऊन पाहिला. जाड काळी फ्रेम होती. मी म्हणालो, "दादा, ती फ्रेमची कड दिसतेय तुला." आणि दुकानातली सगळ्यात हलकी रिमलेस फ्रेम काढली. शेठही कौतुकाने मान हलवत होते. तासाभरात चष्मा तयार झाला. त्याने तो घातला, काढला, परत घातला.

"काढला तरी हाय तो."

"दोन दिवस सवय होऊ दे," मी म्हणालो. हे वाक्य आमच्या धंद्यात हळदीसारखं असतं, कुठल्याही जखमेवर चालतं.

माझ्यावर वहिनीचा विश्वास नव्हता असं नाही. फक्त तिला मशीन चालवता येत नव्हतं, म्हणून तिने साधी गोष्ट केली. शनिवारी तिने त्याचा चांगला डोळा पदराने झाकला आणि विचारलं, मी दिसते का. तो म्हणाला, कपाळ दिसतंय. मला न विचारता तिने त्याला रिक्षात घातलं आणि अंबरनाथला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मग मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आधी कुणाला दाखवलं होतं.

"यांचा भाऊच डोल्यांचा डॉक्टर हाय," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरी कुठून केलीत?"

मी दुकानाचा पत्ता सांगितला.

त्या ओरडल्या नाहीत. पडद्याला भोक पडून तो सुटत आलाय, सोमवारीच आला असता तर बहुधा बसल्या जागी लेझरवर भागलं असतं, एवढंच म्हणाल्या. मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं मला सांगितलं. एकदम ठिपक्यांचा थवा, कोपऱ्यात वीज, बाजूने येणारी सावली, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, पडद्याला दुखतच नसतं. आणि एकदम नजर गेली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर सरळ मोठ्या दवाखान्यात, तो मेंदूचाही झटका असू शकतो.

मला दोन बसवाला गृहस्थ आठवला. त्याचं नावसुद्धा मी लिहून घेतलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दादाला मुंबईला नेलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरून आठवडाभर तोंड खाली करून ठेवायला सांगितलं. गावी तो खाटेवर पालथा पडायचा, चेहरा कडेबाहेर. त्याच्याशी बोलायचं तर जमिनीवर उताणं पडावं लागे. मी तसाच पडलो आणि म्हणालो, दादा, चूक माझी आहे, मला काही येत नाही.

वरून त्याचा सुजलेला चेहरा माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "आता मना कितीचा नंबर लागंल?"

बावीस वर्षांत या प्रश्नाला मी कधी अडखळलो नव्हतो. "माहीत नाही," मी म्हणालो.

पुढे त्या डोळ्याला दिसू लागलं, पण पुरतं नाही. दाराची चौकट त्याला वाकडी दिसते, बाजाराच्या पावतीवरचे आकडे त्या डोळ्याने लागत नाहीत. दोन महिन्यांनी एका सकाळी डाव्या डोळ्यात काहीतरी चमकलं, तेव्हा त्याने मला फोन केला नाही. वहिनीने केला, गाडी घेऊन ये म्हणून. तासाभरात दादा आणि मी अंबरनाथला होतो. पडद्यात बारीक चीर होती, दुपारीच लेझर झालं. हा डोळा वाचला, असं बाईंनी मला दोनदा सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा वहिनी ओट्यावर उभी होती. मी आधी उतरलो आणि सांगायला तोंड उघडलं. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि दादाला विचारलं, काय म्हणाले डॉक्टर.