भिंतीवरचा राधेश्याम

जुन्या जालन्यातल्या पिंजार गल्लीत एके काळी सत्तावीस दुकानांच्या पाट्या भिवा पेंटरच्या हातच्या होत्या. वाटूरहून दहावी नापास होऊन तो शहरात आला, तेव्हा ब्रश ठेवायला जागा दिली ती राधेश्यामनं. राधेश्याम घनसावंगीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, पण जमिनीत मन न रमलेला. त्याचं पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान होतं. भजनी मंडळांच्या पेट्या त्याच्याकडं यायच्या आणि भीमगीतांच्या गायन पार्ट्यांच्याही. दोघांचा दुपारचा डबा चाळीस वर्षं त्याच दुकानात उघडला. भिवाच्या घरची भाजी राधेश्याम आधी संपवायचा.

मग फ्लेक्स आलं आणि भिवाला शाळांच्या भिंतीवर पाढे लिहायची वेळ आली. गिऱ्हाईक मोठ्या रस्त्याकडं वळलं. गल्लीतली शटरं एकेक करून खाली आली ती वर गेलीच नाहीत. राधेश्यामचा मुलगा कल्याण परतूरला स्थायिक झाला होता. त्यानं तिथं स्टँडजवळ बापासाठी दुकान बघितलं. राधेश्यामचंही जायचं ठरलं होतं.

त्याच महिन्यात रूपाली नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेनं गावातली चार माणसं जमवली. गल्ली मेली तर गावाचं पोटच रिकामं होईल, असं तिचं म्हणणं. भिंती रंगवायच्या, जुन्या पाट्या उजळायच्या, दर रविवारी संध्याकाळी गाणं-भारूड ठेवायचं, म्हणजे लोक परत येतील. सगळ्यात आधी ती भिवाच्या दारात आली. भिवा त्याच पावली राधेश्यामकडं गेला.

"जाऊ नको. गल्लीत रौनक येऊन राह्यली."

"कल्याणनं दुकान धरून ठेवलंय रे."

"सोडायला लाव. माझ्यावर भरोसा हाय का न्हाई?"

राधेश्यामनं थोडा वेळ हातातल्या पेटीचा भाता हलवला. "तू म्हणतो म्हणून थांबतो," तो म्हणाला. परतूरचं दुकान दुसऱ्याला गेलं.

दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर भिवानं राधेश्यामला काढलं. बारा फूट उंच, मांडी घालून बसलेला, एक हात भात्यावर, मान तिरकी, सूर लागतो का ते ऐकणारा. एकोणीस दिवस तो शिडीवर होता. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची नावं लिहिली होती, माणूस असा पहिल्यांदाच काढला.

"पडलेला दात कशाला दाखवला?" राधेश्याम खालून ओरडला.

"हाय तसा काढलाय!"

लोक खरंच आले. पोरी त्या चित्राखाली उभं राहून फोटो काढायच्या. बंद पडलेली तीन दुकानं उघडली, राधेश्यामकडं पेटी शिकायला मुलं बसू लागली. दोन दिवाळ्या गल्ली जिवंत होती.

त्या दुकानांच्या रांगेचा मालक परगावी राहायचा, त्याची कुणाला आठवणही नव्हती. एका रविवारी तो आला, चहा घेतला, गर्दी बघत उभा राहिला. तीन महिन्यांत रांग विकली गेली आणि सगळ्या भाडेकरूंना नोटिसा आल्या. कुणाकडं धड कागद नव्हते, सगळा कारभार आजोबाच्या वेळचा आणि तोंडी. रूपाली वकिलांकडं धावली, अर्ज लिहिले, शेवटी सगळ्यांसमोर रडली. नव्या मालकाला तिथं कॉफीचं हॉटेल काढायचं होतं. जुनं दार, भिवाची पाटी आणि भिंतीवरचं चित्र मात्र त्यानं ठेवलं. गिऱ्हाइकांना आवडतं म्हणाला.

राधेश्यामनं एका दिवसात दुकान रिकामं केलं. भिवा पेटी उचलायला वाकला तसा तो म्हणाला, "राहू दे. तू नको उचलू." टेम्पो निघून गेला.

महिन्यानं परतूरहून फोन आला. "भिवा, लोक माझ्या मांडीखाली बसून कॉफी पिऊन राह्यले म्हणं. मला हाकललं अन् मलाच भिंतीवर ठेवलं. पुसून टाक मला."

"पुसतो," भिवा म्हणाला.

पण पुसलं नाही. दोनदा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन गेला आणि समोरच्या ओट्यावर बसून परत आला. बायको, बेबीनंदा, विचारायची, "पुसलं का वो?" तो म्हणायचा, उद्या. त्याच्या हातून तेवढं एकच चांगलं काम झालं होतं. राधेश्यामनं आणखी एकदा विचारलं. मग विचारायचा थांबला, मग फोन उचलायचाही थांबला. भिवा एकदा परतूरला गेला, तर कल्याण दारातच म्हणाला, "काका, बाबा झोपलेत." आतून पेटीचा आवाज येत होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला राधेश्यामला झटका आला. भिवाला कळलं ते माती झाल्यावर. "घाईत कळवायचं राहून गेलं, काका," कल्याण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवानं शिडी लावली. हॉटेलातली माणसं धावून आली, कुणी मोबाईलवर शूटिंग केलं, कुणी शिडी ओढली. तोवर चेहरा झाकून झाला होता. रूपालीनं हात जोडून प्रकरण मिटवलं.

दीड महिन्यानं गिरिजाबाई, राधेश्यामची बायको, कल्याणला घेऊन भिवाच्या घरी आली. बेबीनंदानं पाणी दिलं.

"भाऊजी, ते चित्र मोबाईलात बघितलं, बोटाएवढं दिसतंय. मी गावाकडंच राह्यले, कवा गल्लीत आल्तेच न्हाई. मला यांना मोठं बघायचंय. चला, दाखवा."

भिवा म्हणाला, "वहिनी, पुसलं म्या."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच."

गिरिजाबाईनं पदराचा काठ सरळ केला. "रागात बोलले आसतील. मला तर रोज म्हणायचे, भिवानं दात बराबर काढलाय, एक दिवस तुला नेऊन दाखवतो."

मग तिनंच सांगितलं, परतूरच्या घराची भिंत मोकळी आहे, तिथं परत काढा.

भिवा चार दिवस तिथं राहिला. पेटी झाली, मांडी झाली, भात्यावरची बोटं झाली. बोटं बघून कल्याण आत निघून गेला. चेहरा तेवढा होईना. फोटो समोर होता, मापं बरोबर होती, तरी रंग भरला की राधेश्याम रागावलेला यायचा. भिवानं तीनदा काढला, तीनदा पुसला. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं ब्रश डब्यात उभा करून ठेवला.

"राहू द्या, भाऊजी," गिरिजाबाई म्हणाली. "हात त्यांचेच हायेत."

भिवानं ब्रश धुतले आणि जालन्याची एसटी धरली. वाटूर आलं, गेलं. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं, ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

परतूरच्या त्या भिंतीवर चेहऱ्याची जागा अजून कोरी आहे. गिरिजाबाई ती कुणाला रंगवू देत नाही.