पांढरी सोंगटी कुणाची

प्रागजीभाई रायचुरा म्हणजे देवमाणूस. इथे केनियात, किसुमूत कुणालाही विचारा, हेच सांगेल. कुणालाही म्हणजे आपल्या गुजराती लोकांतल्या कुणालाही. मोलकरणीच्या मुलीची शाळेची फी ते बिनबोभाट भरत. त्या मोलकरणीचा कप मात्र परसात खिळ्याला टांगलेला. "तिलाच तसं बरं वाटतं," म्हणायचे. तिला कुणी विचारलं होतं म्हणता? पण मी कोणत्या तोंडाने बोलू, आमच्याही परसात खिळा होताच.

हार्डवेअरचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांचा जीव आमच्या क्लबात अडकलेला. सव्वीस वर्षं चिटणीस. बॅडमिंटनच्या लाकडी जमिनीवर नोकर फडकं मारून गेला की हे वाकून परत एकदा मारणार. मंजुळाबेन म्हणायच्या, "क्लबाशीच लग्न लावायचं होतं, मला कशाला आणलंत पोरबंदरहून?"

वर्धापनदिनाचं भाषण त्यांचंच. गोऱ्यांनी तळ्याकाठच्या त्यांच्या क्लबाची पायरी आपल्या आजोबांना कशी चढू दिली नाही, आणि मग आजोबांनी वर्गणी काढून हा क्लब कसा उभा केला. "माणसाला कातडी बघून दारात अडवायचं," इथे आल्यावर ते हमखास रुमाल काढायचे. आमच्याही डोळ्यांत पाणी यायचं. मग जेवण. वाढायला सहा काळे वाढपी, पांढरे हातमोजे घातलेले.

आता जमीन कचेरीतले ओगुतू साहेब. इथल्याच लुओ जमातीचा माणूस, पन्नाशीचा, कॉलेजात असताना बॅडमिंटनची बक्षिसं मिळवलेला. गावात लाकडी जमीन फक्त आमच्याकडे, म्हणून त्यांनी क्लबाकडे अर्ज केला. पहिल्या वर्षी प्रागजीभाईंना फोटो लहान वाटला. पुढच्या वर्षी सूचकाची सही निळ्या शाईतली निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी अर्ज कुठे गेला तेच कळेना. "आपल्या मनात काही नाही हो दामजी," मला म्हणायचे, "पण नियम म्हणजे नियम." ओगुतू साहेब न चिडता दर जानेवारीला नवा अर्ज पाठवायचे. असे सहा अर्ज झाले.

सहावा अर्ज आला त्याच वर्षी क्लबाच्या जमिनीचा नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा संपत आला. मार्चअखेर नूतनीकरण झालं नाही तर जमीन सरकारजमा. आणि फाइल कुणाच्या टेबलावर? ओगुतू साहेबांच्या. प्रागजीभाईंची झोप उडाली. मंजुळाबेन माझ्या औषधाच्या दुकानात येऊन रडल्या, "क्लब गेला तर हा माणूस चार महिने काढायचा नाही."

ताबडतोब समितीची बैठक लागली. आम्ही बारा जण. सहाही अर्ज प्रागजीभाईंच्या खणात एकाखाली एक नीट लावलेले सापडले.

"माणूस सुशिक्षित आहे," विठ्ठलदास म्हणाले. "इंग्रजी तर आपल्यापेक्षा चांगलं."

"आणि एकच तर आहे," कुणीतरी म्हणालं.

"आज एक. उद्या भाऊबंद घेऊन येईल. काळियाला बोट दिलं की..."

"गप्प बस रे," विठ्ठलदास डाफरले. "पट्टा हवा की नको? आणि आपल्या आजोबांना दारात उभं केलं होतं, ते विसरलास?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. विरोध कुणाचाच नव्हता. फक्त रीतीप्रमाणे मतदान व्हायचं होतं. ही रीत आजोबांनी गोऱ्यांच्याच क्लबाकडून उचललेली. प्रत्येकाला कॅरमची एक पांढरी आणि एक काळी सोंगटी मिळते. पांढरी म्हणजे घ्या, काळी म्हणजे नको. एक सोंगटी मूठ झाकून पेटीत टाकायची, उरलेली पिशवीत. तीन काळ्या पडल्या की अर्ज बाद, आणि वर्षभर ते नाव पुन्हा घेता येत नाही. मोजणार चिटणीस, आतल्या खोलीत, एकटा.

माझी पाळी आली. खरं सांगतो, मी असा विचार केला की अकरा जण पांढरी टाकणारच आहेत. माणूस येतोच आहे, पट्टाही मिळतोच आहे. मग आपल्या एकट्याच्या काळीने काय बिघडतं? निदान मनाला तरी समाधान.

प्रागजीभाई आत गेले ते पाव तास बाहेर येईनात. आले तेव्हा चेहरा पिठासारखा पांढरा पडलेला. "अर्ज नामंजूर," म्हणाले. "अकरा काळ्या, एक पांढरी."

आम्ही एकमेकांकडे असे बघायला लागलो, जणू घरात चोर शिरलाय. "लाज वाटायला हवी लोकांना," विठ्ठलदास म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं.

दुसऱ्या दिवशी प्रागजीभाई जमीन कचेरीत गेले. त्यांचं पाऊल पडेना म्हणून सोबत मी. ते तोंड उघडायच्या आत ओगुतू साहेबांनी कागद पुढे सरकवला. पट्ट्याचं नूतनीकरण. सही आठ दिवसांपूर्वीची.

"कायद्यात बसत होतं, करून टाकलं," ते म्हणाले. "यात मेहरबानी काही नाही. माझ्या अर्जाचं काय झालं?"

प्रागजीभाईंनी मान खाली घालून आकडे सांगितले.

ओगुतू साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "एक पांढरी पडली? मला तेवढीही आशा नव्हती. त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. नाव कळलं तर घरी जेवायला बोलावीन."

निरोप क्लबात पोचला, आणि प्रागजीभाईंकडे लोकांची रीघ लागली. विठ्ठलदास सर्वांत आधी. प्रत्येक जण त्यांना बाजूला घेऊन कानात सांगायचा, "बोलायचं नव्हतं, पण ती पांढरी माझी." आठवड्याभरात दहा जण येऊन गेले. प्रागजीभाई सगळ्यांना सारखंच म्हणाले, "मला वाटलंच होतं."

मी सर्वांत शेवटी गेलो. ते वऱ्हांड्यात एकटेच बसले होते. मीही तेच सांगितलं. कसं तोंडातून निघालं कोण जाणे, पण निघालं.

त्यांनी मला शेजारी बसवलं.

"दामजी," म्हणाले, "त्या पेटीत पांढरी नव्हतीच. एक तरी सांगावी म्हणून मी सांगितली. बाराच्या बारा काळ्या होत्या. माझी धरून."