लाटेवर देऊळघाटचा गजू

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साठत जातात. त्यात बुलढाण्याकडच्या चार टाळक्यांना सर्फिंगचं वेड लागलं असेल, तर विचारूच नका! एक मी, दुसरा मोबाईलचं दुकान चालवणारा दिनू, देऊळघाटचा शेतकरी गजू आणि त्याची बायको संगीतावहिनी. दिवाळी झाली की आम्ही कोकणातला एक आडबाजूचा किनारा गाठतो. नाव सांगणार नाही, उगाच गर्दी होईल.

फळीवर उभं राहणं मला जमलं, दिनूला जमलं. गजूला काही जमेना. एकदा, फक्त एकदा लाटेवर उभं राहायचं, याचा त्याने ध्यासच घेतला होता.

*

पहिल्या वेळी आम्ही चपला आणि ठेचा-भाकरीचा डबा पाण्यापासून दोन हात लांब ठेवून आत शिरलो. आमच्याकडे तलावाचं पाणी जिथल्या तिथे असतं. तासाभराने बाहेर आलो तर सगळं गायब! भरती शाळेत शिकलो होतो, पण ती डबा नेते हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. दिनूने समुद्रालाच विचारलं, "ठेचा झेपला काय बे?"

*

तिथे लाट वाळूच्या उंचवट्यावर फुटते आणि हे उंचवटे दर पावसाळ्यात जागा बदलतात. आम्हाला शिकवणाऱ्या सुहासने हे नीट समजावून सांगितलं. गजूने मान डोलावली.

"म्हंजे बांध दरसाल सरकते. समुद्र बी आमच्या भाऊबंदासारखाच हाय."

*

सकाळी जमिनीकडून वारा असला की लाट साफ उठते, दुपारी समुद्राकडून सुटला की विस्कटते. सुहास वारा मोबाईलवर बघायचा. वहिनींना ते पटेना. खळ्यात धान्य उपणतात तशी त्यांनी मूठभर कोरडी वाळू उंचावरून सोडली. ती सगळी सुहासच्या डोळ्यांत गेली!

"कळलं आता, वारा कुठून हाय ते?"

*

सरावासाठी गजूने घरच्या शेततळ्यात फळी टाकली. तळ्याला प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर शेवाळ. फळीवर चढणं राहिलं बाजूला, त्याला बाहेरच येता येईना! शेवटी दिनूने दोर टाकून ओढलं. गजू तळ्यात पडला म्हणून गावभर बोंब झाली, माणसं भेटायला यायला लागली. गजू प्रत्येकाला चहा पाजून सांगत होता, "पडलो नाही, शिकून राह्यलो."

*

यंदाची शेवटची सकाळ. वारा जमिनीकडून, लाट कमरेएवढी आणि एकसारखी. याहून चांगलं पाणी मिळणार नव्हतं. घरी कपाशीची वेचणी वाट बघत होती, म्हणजे आज नाही तर पुन्हा वर्षभर नाही. गजू उठायचा, पायांकडे बघायचा आणि पडायचा. सुहास ओरडून थकला.

एवढ्यात वहिनी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात शिरल्या.

"अहो, ढेकळं फोडाले वखरावर उभे राह्यता, तवा पायाकडे पाह्यता काय? बैलाकडे पाह्यता ना?"

पुढची लाट आली. गजू उठला. गुडघे वाकलेले, नजर समोर, दोन्ही मुठी कासरा धरल्यासारख्या छातीशी. आणि तो पडला नाही! थेट किनाऱ्याकडे येत राहिला. दिनू रडत होता, मीही रडत होतो. वाळू जवळ आली तसा गजू मागे रेलला, मुठी ओढल्या आणि हळूच म्हणाला, "होऽऽ... हो राजा, हो."

लाट थांबली.