आधी माझा हात

करंटकाकांबद्दल चांगलंच लिही, असं त्यांच्या बायकोने मला बजावलं आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. या माणसाने मला चार महिन्यांत जितकं छळलं, तितकं माझ्या सासूने चौदा वर्षांत छळलेलं नाही, आणि सासू आमच्याच घरात राहते.

करंटकाका हे नाव रुग्णांनी ठेवलेलं, मी त्यांना सर म्हणते. आमच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, फिजिओथेरपीची लांबट खोली आहे. तीन खाटा, तीन हिरवे पडदे, कोपऱ्यात पाय चालवायची सायकल, आणि चाकांच्या टेबलावर करंटची पेटी. ऑपरेशननंतर किंवा नस दुखावल्यावर स्नायू हालचाल विसरतो. त्याच्यावर ओले पॅड बांधायचे, बारीक झटके द्यायचे आणि त्याला कामाला लावायचं, हा आमचा धंदा. सर तिथे एकतीस वर्षं आहेत, मी नऊ. मला जे येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे, आणि हे ते मला दिवसातून दोनदा ऐकवतात.

त्यांची एक सवय सगळ्या दवाखान्याला माहीत होती. कुठल्याही रुग्णाला करंट लावण्याआधी ते पॅड स्वतःच्या उजव्या हातावर बांधायचे, कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला. मग पेटीचं गोल बटण हळूहळू फिरवायचे. पंजा टुणकन वर उचलला गेला की म्हणायचे, “हं, मुंग्यांपेक्षा जास्त नाही. आधी माझा हात, मग तुमचा.” घाबरलेला माणूस तिथेच निम्मा बरा व्हायचा, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक वेळी यात चार मिनिटं जायची आणि रांग जिन्यापर्यंत पोहोचायची. शिवाय दुसऱ्याला पॅड बांधण्याआधी बटण शून्यावर आणावं आणि मग नव्याने चढवावं, असं पुस्तक सांगतं. सर खटका बंद करून पॅड हलवायचे आणि गोल बटण होतं तिथेच ठेवायचे. मी एकदा बोलले तर म्हणाले, पुस्तकाला हात नसतो. यावर कोण काय बोलणार?

दुसरी गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. रुग्णाच्या कातडीला स्पर्श कळतो का हे बघायला आम्ही त्याला डोळे मिटायला लावतो आणि कापूस टेकवतो. त्याने “कळलं” म्हणायचं. सर म्हणाले, मध्येच एकदा टेकवायचाच नाही आणि तरी विचारायचं, कळलं का. मी म्हटलं, म्हणजे लोक खोटं बोलतात असं समजायचं? तेव्हा ते म्हणाले, “खोटं बोलत नाहीत गं. त्यांना बरं व्हायचं असतं, म्हणून कळलं म्हणतात.”

आता मूळ भानगड. आमच्या खोलीत उंच पाठीची एक लाकडी खुर्ची आहे. तिच्या पाठीवरून हात मागे टाकून कोणी बसलं की सर खेकसायचे, हात काढा, काखेखालची नस दबते. एका दुपारी डबा खाऊन ते त्याच खुर्चीवर, तसाच हात मागे टाकून, दीड तास घोरले. मी दोन वेळा उठवायला गेले आणि दोन्ही वेळा दया आली म्हणून परत आले. या दयेची किंमत मी पुढे चांगलीच मोजली. उठले तेव्हा उजवा पंजा धुतलेल्या मोज्यासारखा लोंबत होता. मनगट वर होईना, बोटं सरळ होईनात. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मानेचा त्रास आहे. खुर्चीचं नाव काढलं नाही, आणि मलाही काढू दिलं नाही.

नसांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस तुटलेली नाही, चिरडली आहे. काही आठवड्यांत येईल, नाहीतर काही महिन्यांत. तोवर मनगटाला आधारपट्टी, रोज व्यायाम, रोज करंट. मुख्य डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून घेतलं. एका हाताने काम जमत असेल तर करू दे, म्हणाले, पण हाताला स्पर्श कळतोय तोवरच. दर आठवड्याला तपासून लेखी द्यायचं. स्पर्श गेला असेल, किंवा तीन महिन्यांत मनगट उठलं नाही, तर त्यांना नोंदणीच्या खिडकीत बसवावं लागेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, लोकांची नावं आणि वयं लिहीत काचेमागे बसणार. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी पेटीवरची धूळ डाव्या हाताने पुसली, जी तिथे नव्हतीच.

आणि सर माझे रुग्ण झाले. देवा रे. एकतीस वर्षं ज्या ज्या गोष्टींसाठी त्यांनी लोकांना झापलं, ती प्रत्येक गोष्ट या माणसाने केली. आधारपट्टी घाम येतो म्हणून काढून खिशात. व्यायाम केला का विचारलं की “मनातल्या मनात केला.” पॅड मी बांधायची, की ते अर्धं बोट वर सरकवणार. मी वळले की बटण वाढवणार. करंटबरोबर तुम्हीही मनगट उचलायचं, करंट नुसती आठवण करून देतो, काम तुमचं, हे वाक्य त्यांनी हजारो लोकांना ऐकवलं असेल. स्वतः मात्र खाटेवर पडून आढ्याकडे बघत. पंजा करंटने उठायचा, करंटने पडायचा, आणि ते नळावर लावलेल्या बादलीकडे बघावं तसं बघायचे. रोज एकच प्रश्न, अजून किती दिवस. मी कपाळाला हात लावायची. संध्याकाळी त्यांच्या घरून काकूंचा फोन यायचा की तुझे सर घरी म्हणतात, मुलगी पॅड चुकीचे बांधते.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सुरुवातीला त्यांचा पंजा पूर्वीच्याच करंटने उठायचा, पाचव्या आठवड्यात एकदम दुप्पट लागायला लागला. पण दर सोमवारी मी कापूस घेऊन बसले की दहाच्या दहा वेळा उत्तर यायचं, कळलं. मी लिहून द्यायची, स्पर्श शाबूत. खोटा स्पर्श मी केला नाही. ज्यांनी शिकवला त्यांच्यावरच कसा करायचा? मला लाज वाटली. माझी चूक ती हीच, आणि मी ती कोणावर ढकलणार नाही.

त्याच दिवसांत मशीनवाल्या मावशी आमच्याकडे यायच्या. घरी पायाच्या मशीनवर कपडे शिवणाऱ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मांडी वाळून गेली होती आणि मशीनवर पाय चालत नव्हता. करंटला त्या इतक्या घाबरायच्या की पहिल्या दिवशी दारातूनच परतल्या. सरांनी त्यांना बोलावलं, स्वतःचा हात दाखवला, पंजा उडवून दाखवला. त्यानंतर त्या फक्त सरांकडूनच करंट घ्यायच्या. मी जवळ गेले तरी साडी सावरून बसायच्या.

पाचव्या आठवड्यातला मंगळवार. मी दुसऱ्या खाटेवर एकाचा खांदा फिरवत होते. पडद्यापलीकडे सरांनी नेहमीसारखे पॅड उजव्या हातावर बांधले. डावा हात बटण फिरवायला हवा, म्हणून पॅड उजव्यावर, ज्याची नस गेलेली. पंजा उडेपर्यंत बटण फिरवलं. “मुंग्यांपेक्षा जास्त नाही,” असं मी ऐकलं. मग पॅड मावशींच्या मांडीवर गेले आणि खटका चालू झाला.

मावशींची किंकाळी एक्स-रेच्या रांगेपर्यंत गेली. पाय ताडकन उडाला, टाच खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटली. मी धावत जाऊन खटका बंद केला. मांडीवर दोन लाल चौकोन उठले होते. बाकी इजा नव्हती. मावशींनी सरांकडे बघितलं, रागाने नाही, आणि विचारलं, “तुमच्या हाताला लागलं नाही, मग मला कसं लागलं?”

सरांनी त्यांच्या मांडीवरचे पॅड सोडले. मावशी काठी टेकत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

मी त्या मंगळवारीच दुपारी खोलीचं दार लावून घेतलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. सरांना खाटेवर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस ताटलीत ठेवून दिला. हात मांडीवर ठेवून मी विचारत गेले. कळलं का? कळलं. आता? कळलं. आता? कळलं. पाच वेळा विचारलं, पाच वेळा तेच उत्तर, तेही मध्ये नीट जेवढं थांबायला हवं तेवढं थांबून. पाचव्या वेळी माझा आवाज फाटला असावा, कारण त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग ताटलीतल्या कापसाकडे.

“किती?” त्यांनी विचारलं.

“पाचही,” मी म्हटलं. “सर, मी एकदाही हात लावला नाही.”

मला ओरडायचं होतं, आणि मी ओरडलेही. तुम्ही मला शिकवलंत, म्हटलं, आणि माझ्याच सहीने खोटं लिहून घेतलंत. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पहिल्या सोमवारी मुद्दाम म्हटलं. पुढे पुढे मलाच समजेना, कळतंय की नुसतं वाटतंय.”

मग स्वतःच बाही कोपराच्या वर सरकवली आणि म्हणाले, पेन घे, रेघ काढ. जिथे कापूस कळत नाही त्या जागेभोवती रेघ काढायची, हेही त्यांनीच शिकवलेलं. मी कापूस टेकवत गेले आणि ते सांगत गेले, नाही, नाही, नाही, हो, नाही. निळी रेघ कोपराखालून निघाली आणि अंगठ्याच्या मागे जाऊन मिळाली. एकतीस वर्षं जिथे पॅड बांधले ती सगळी जागा तिच्या आत होती. सर म्हणाले, रेघ वाकडी आहे, नीट काढ. त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि मी नीट काढली.

मुख्य डॉक्टरांकडे ते स्वतः गेले, ती रेघ दाखवत. मी बाहेर बाकावर बसले होते. निकाल असा लागला की स्वतःहून सांगितलं म्हणून खिडकी तूर्त टळली, पण तीन महिने पुरे होईपर्यंत त्यांनी एकट्याने रुग्णाला हात लावायचा नाही, प्रत्येक वेळी मी बाजूला हवी. म्हणजे शिक्षा मलाच.

पण दुसऱ्या दिवसापासून खाटेवर वेगळा माणूस पडलेला असायचा. करंट आला की कपाळावर शिरा ताणून मनगट उचलायला बघायचा. पंजा करंटने उठायचाच, त्यात त्यांचं किती ते दिसायचं नाही. तरी रोज घाम पुसून विचारायचे, आज माझं काही होतं का त्यात? मी म्हणायची, नाही. ते म्हणायचे, बरं. खोटं सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण त्या खोलीत आता ते चालणार नव्हतं.

मावशींना मी तीन वेळा फोन केला. आठव्या दिवशी त्या आल्या, पण दाराजवळच्या स्टुलावरच बसल्या. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. रेघ काढलेल्या हाताची बाही वर करून त्यांनी सरळ सांगितलं की या हाताला काही कळत नव्हतं, आणि काम जाईल म्हणून मी कळतंय असं सांगत होतो. मानेचाही त्रास नव्हता, त्या खुर्चीवर झोपलो होतो. मावशींनी खुर्चीकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “मग आता आधी कोणाचा हात?”

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

मला नाही म्हणता आलं असतं. बाहेर अकरा जण बसले होते. मी बाही वर केली. सरांनी माझ्या हातावर माझ्याकडूनच पॅड बांधून घेतले, तिथेच, कोपराच्या खाली. बटण शून्यावर आणलं, आणि हळू फिरवायला लागले. माझा पंजा उडाला. मी म्हटलं, बस. सर माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, “खरं सांग हं. उगाच सोसू नकोस.” हे मला सांगणार कोण, तर हे. बटण परत शून्यावर आलं, पॅड मावशींच्या मांडीवर गेले, पुन्हा पहिल्यापासून चढवलं गेलं. मावशींनी डोळे घट्ट मिटले होते. मग एक डोळा उघडून त्या स्वतःच्या मांडीकडे बघायला लागल्या.

त्यानंतर रोज, प्रत्येक रुग्णाआधी, माझा हात. घरी भांडी घासताना बाही वर केली की सासूबाई विचारायच्या, हे चौकोन कसले. नोकरीचे, मी म्हणायची.

तीन महिन्यांना सहा दिवस बाकी असताना, करंट बंद असताना, सरांचं मनगट दोन बोटं उठलं. मी पट्टीने मोजलं. ते पुन्हा उठलं. निळी रेघ दर सोमवारी आत आत येत गेली आणि शेवटी अंगठ्याच्या मागे एक नाण्याएवढा ठिपका उरला. मुख्य डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि सरांना एकट्याने काम करायची परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने बाही वर करून पुढे झाले. सरांनी माझा हात बाजूला केला. पॅड स्वतःच्या उजव्या हातावर बांधले, बटण शून्यापासून फिरवलं, डोळे मिटले. खाटेवर नवा रुग्ण होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पंजा उडायच्या कितीतरी आधी सर म्हणाले, आल्या मुंग्या. चेहरा असा झाला होता की मी खिडकीकडे बघायला लागले.

मला वाटलं, सुटले. मी बाही खाली करणार, तोच त्यांनी पॅड सोडून माझ्यापुढे धरले.

“मला तर कळलं,” ते म्हणाले. “पण तू बघ एकदा.”

रांग जिन्यापर्यंत गेली होती. मी पुन्हा बाही वर केली.